नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातले दाणे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुंबईत ज्याच्याबरोबर चार वर्षं एका खोलीत काढली त्या मित्राला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. तलासरीकडच्या एका वारली पाड्यावर, नव्या घराच्या जागेवर रात्रभर झाकून ठेवलेले तांदळाचे पाच दाणे पहाटे मी हलवले. ते विखुरले होते, मी एकत्र केले. पेन्सिलच्या टोकाने.

एवढंच. लिहून पाहिलं तर दोन-तीन ओळींचं काम. त्याला मला सोळा-सतरा वर्षं लागली.

दिवाळी उलटली की डहाणूत गवताचा वास येतो. समुद्राचा वारा जरा पडतो, सकाळी चिकूच्या पानांवर दव साचतं, आणि आतल्या गावांकडून गवताच्या गाड्या स्टेशनच्या दिशेने निघतात. बैलांच्या पाठीवरून मागे पाहिलं तर गाडी दिसतच नाही, चालतं-बोलतं कुरणच येतंय असं वाटतं. माझं ऑफिस त्याच रस्त्यावर. तो वास आला की मी उठतो आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतो. ऑफिसातला ड्राफ्ट्समन येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतो, "साहेबांना गवताच्या धुळीचा त्रास होतो." मी कधी दुरुस्ती केली नाही. माणसाला आयतं कारण मिळालं की तो ते वापरतो.

यंदा त्याच दिवसांत इथल्या एका शाळेच्या हेडमास्तरांचं बोलावणं आलं. अकरावीच्या मुलांपुढे कोणी डॉक्टर बोलून गेले होते, कोणी वकील. आता आर्किटेक्ट व्हायला कोणते गुण लागतात ते मी सांगायचं होतं. सांगितलं. हात चित्राला वळलेला हवा, म्हटलं. नुसता कागद पाहून त्यावरची खोली डोळ्यांपुढे उभी राहायला हवी. हिशेब हवा, धीर हवा, गवंड्याशी गवंड्यासारखं आणि मालकाशी मालकासारखं बोलता यायला हवं. मुलं वहीत लिहून घेत होती. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, गणित कच्चं असलं तर चालतं?"

"चालतं. माझंच कच्चं होतं." मुलं हसली.

"आणि चित्रकला?"

"शिकता येते."

"मग काय कच्चं असलेलं चालत नाही?"

हेडमास्तर म्हणाले, "बस गं आता." पण ती उभीच. मी म्हटलं, "चिकाटी." टाळ्या झाल्या. नारळ, गुलाबाचं फूल, चहा. घरी चालत येताना वाटेत दोन गवताच्या गाड्या भेटल्या आणि मला कळलं की मी त्या मुलीशी खोटं बोललो. उत्तर मला माहीत होतं. मला ते शिकवलेलं होतं, आणि शिकवणाऱ्यांनी त्याची परीक्षाही घेतली होती.

आमची वाडी नरपडला. चिकू, थोडी भातशेती, आणि तलासरीच्या बाजूला गवताची कुरणं. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. वेठ बंद झाली होती, मजुरीवरून मोठे झगडे होऊन गेले होते, पण आम्ही आलो की पाड्यातली माणसं अजून उठून उभी राहत. मी मुंबईत आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीसाठी प्रोफेसरांनी काम दिलं होतं: आपल्या मुलखातलं एक घर बांधताना पाहा, जागा ठरण्यापासून छप्पर चढेपर्यंत, आणि प्रत्येक टप्प्याची मापं घेऊन ड्रॉइंग काढा. बाबांना माझं ड्रॉइंग म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "कुरणावर जा. गवताची कापणी चाललीय, लक्षही राहील आणि तुझं रेघोट्यांचं कामही होईल."

कुरणावर गवताच्या व्यापाऱ्याचा मुनीम होता, गुजराती, पान खाऊन ओठ लाल. मला बोर्ड आणि टी-स्क्वेअर घेऊन गाडीतून उतरताना पाहून म्हणाला, "केम, घर बनावतां आवड्युं?" आणि स्वतःच हसला. घर बांधायला जमायला लागलं का, असं विचारत होता. मी हसण्यावारी नेलं.

पाड्यात जिव्या नावाचा तरुण लग्न करून बापापासून वेगळा निघत होता, त्याचं घर होणार होतं. बांधणार लाडक्या. लाडक्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो काहीच करत नव्हता. मोकळ्या जागेवर उभा होता, हात मागे. अर्ध्या तासाने मी पुन्हा त्या बाजूला गेलो, तरी तिथेच, फक्त तोंड दुसरीकडे.

"काय बघतोस रे?" मी विचारलं. माझं वय वीस, त्याचं पन्नाशीच्या घरातलं. 'रे' म्हणायला मला काही वाटलं नाही.

"वारा कुठून येतं ते बघतंय, धाकले शेट."

"अर्धा तास?"

"वारा काय तुमच्या घड्याळावर येतं?"

त्याच्याकडे फूटपट्टी नव्हती. जिव्याच्या बायकोला त्याने रिकाम्या जमिनीवर उकिडवं बसवलं, म्हणाला, "बस, भाकर थाप." ती लाजली. मग तिने खोट्या परातीत खोटी भाकर थापली, उजवीकडे हात लांबवून खोट्या तव्यावर टाकली. जिथे हात पोचला तिथे लाडक्याने काठीने खूण केली. ती चूल. मागे वळायला लावलं, तिथे तांदळाची कणगी. "घर हिच्या हाताएवढा," तो म्हणाला. कॉलेजात आम्ही माणसाच्या शरीराची मापं पुस्तकातून पाठ करत होतो, कोण्या दूरदेशीच्या माणसाची. इथे माप समोर बसून हसत होतं. हे मी वहीत टिपून घेतलं. टिपायला मी चांगला होतो.

पण जागा ठरवणं लाडक्याच्या हातात नव्हतं. ते काम त्याच्या बायकोचं, रूपीचं. ती माझ्या आईच्या वयाची, आणि मी तिला नुसतं रूपी म्हणायचो. रूपीबाय म्हणायला लागलो ते ती गेल्यावर, म्हणजे तिला ऐकू येणार नाही तेव्हा.

त्या पाड्याची रीत अशी. घराच्या चार कोपऱ्यांवर आणि मधोमध संध्याकाळी हातभर जमीन शेणाने सारवायची. प्रत्येक ठिकाणी तांदळाचे पाच दाणे जवळजवळ ठेवायचे, वर पळसाच्या पानांचा द्रोण पालथा घालायचा, त्यावर दगड. सकाळी उघडायचं. दाणे होते तसे असले तर जमीन हो म्हणाली. विखुरले असले तर नाही म्हणाली. मग दुसरी जागा, पण लगेच नाही. पुढच्या आठवड्यात, तोच वार आला की. पाड्यात कोणाचंही घर असो, दाणे रूपीच्या हातचे. तिच्या सासूनंतर ते तिच्याकडे आलं होतं. बाकी वेळी ती इतरांसारखीच विळा घेऊन गवत कापायला जायची, पण दाणे ठेवायच्या दिवशी पाड्यातले पुरुष तिच्या मागून चालत.

जिव्याच्या दोन जागा आधीच नापास झाल्या होत्या. एक ओहोळाजवळची, एक मोहाच्या झाडाखालची.

"जमिनीला माझी बायको पसंत नाय वाटतं," जिव्या म्हणाला.

"बायको पसंत हाय," रूपी म्हणाली, "तूच नाय."

सगळे हसले, मीही हसलो. आत मात्र मी दिवस मोजत होतो, कारण सुट्टी संपत आली होती. तिसरी जागा टेकाडावर होती. मागे तीन ताड, पुढे उतरत गेलेली खाचरं, दूर डोंगराची रेघ. जागा पाहताच मला चित्र दिसलं. दाणे ठेवायच्या आदल्या दिवशीच मी जागेचा नकाशा काढला, ताडांची सावली घातली, आणि शाईने पक्का केला. पेन्सिलीवर ठेवला असता तर कदाचित पुढचं काही झालं नसतं. शाई खोडता येत नाही. त्या कागदावर घर उभं होतं, जमिनीला अजून विचारायचं होतं.

त्या पहाटे मी उठलो तो खरंच सावल्या काढायला. उगवतीची तिरपी उन्हं हवी होती. धुकं होतं, गवताच्या गंज्यांवरून वाफ निघत होती, पाड्यात एखादा कोंबडा आरवत होता. टेकाडावर कोणी नव्हतं. नुसतं पाहावं म्हणून मी द्रोण उचलला. पहिल्या कोपऱ्यात पाच दाणे, जागच्या जागी. दुसऱ्यात तसेच, तिसऱ्यात तसेच, मधले तसेच. मला हसू आलं. मग नैर्ऋत्येचा द्रोण उचलला.

दाणे इकडेतिकडे झाले होते. एक पार पानाच्या कडेला ढकललेला. दोन दाण्यांवर ओल्या मातीचा बारीक पापुद्रा चढला होता, जणू कोणी बोटाने लिंपलं असावं. खाली सारवण फुगून चिरलेलं.

मी विचार केला का? केला असेल, पण मला आठवतो तो फक्त हिशेब: आज गुरुवार, पुढचा गुरुवार म्हणजे सुट्टीनंतर. आणि वर शाई. मी वाकलो, फुंकर घालून माती उडवली, पेन्सिलच्या टोकाने पाची दाणे एकत्र आणले. चिरलेलं सारवण अंगठ्याने दाबलं. द्रोण, दगड. मग लांब जाऊन ताडाखाली बसलो आणि पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

उन्हं आल्यावर माणसं आली. रूपीने एकेक द्रोण उघडला. चौथ्या कोपऱ्याशी ती बसली ती उठेना.

"काय झाला?" लाडक्याने विचारलं.

"दाणे असे बसत नाय," ती म्हणाली.

"कसे?"

"असे. रांगेत. मी नाय ठेवले रांगेत."

मी आर्किटेक्चरचा विद्यार्थी. माझ्या हातून गोष्टी रांगेत ठेवल्या जातात.

जिव्या मागून म्हणाला, "एकत्र हायेत ना? मग! आता आणखी किती जागा बघायच्या?" लाडक्याही म्हणाला, "बसले तर बसले." रूपीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी टोक काढत होतो. एवढं टोक कोणत्याच पेन्सिलीला लागत नाही. मग ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "हो म्हणते जमीन."

घर झालं. कारवीचे कूड, त्यावर शेणमातीचा लेप, गवताचं छप्पर. मी राहिलो तेवढं पाहिलं, उरलेलं लाडक्याला विचारून काढलं. कॉलेजात माझी ड्रॉइंग्ज भिंतीवर लागली. जागानिवडीची रीत मी शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिली होती, दाण्यांसकट. प्रोफेसर वर्गाला म्हणाले, "पाहा, निरीक्षण म्हणतात ते हे." त्या शब्दावर मला पुढे मुंबईतली पहिली नोकरी लागली.

तीन पावसाळे घर उभं राहिलं. तिसऱ्या भाद्रपदात नैर्ऋत्येचा खांब बसला, त्या बाजूचं छप्पर खाली आलं, आणि नेमकी तिथे कणगी होती. भात भिजलं, त्याला मोड आले. नवं पीक यायला दोन महिने होते. माणसं वाचली, पण जिव्या बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन मिठागरावर कामाला गेला, तो दोन वर्षं परतला नाही.

मला हे लाडक्याने सांगितलं, त्या दिवाळीला मी कुरणावर गेलो तेव्हा. मी मोठ्या हौसेने विचारलं होतं, "आपलं घर कसं आहे?" आपलं घर, म्हणालो.

"वाळवी," तो म्हणाला. "खांब बाहेरून खांब. आत काय नाय, माती."

त्यावर माझ्या तोंडून निघालं, "खांबाचं टोक पुरायच्या आधी जाळून घ्यायचं असतं."

"जाळलेला," लाडक्या म्हणाला. "पण त्या कोपऱ्यात खाली वारूळच होता. जमीन सांगत नाय असा कधी झाला नव्हता. पाड्यातले म्हणतात, रूपीचा हात गेला. आता दाणे दुसरी ठेवते."

मला तेव्हा समजलं की दाण्यांची रीत ही नुसती देवाची गोष्ट नव्हती. जिथे वाळवी आहे, मुंगी आहे, ओल वर चढते, तिथले दाणे रात्रीत हलतात. रूपीच्या सासूच्याही सासूने केव्हातरी हे पाहिलं असेल आणि पुढच्यांसाठी सोपं करून ठेवलं असेल. आज मी पाया घेण्याआधी खड्डे खणून माती बघतो, ते याहून वेगळं नाही. फरक आहे तो एवढाच की रूपी बघायला वाकायची. आणि जमीन नाही म्हणाली तर उठून दुसरीकडे जायची. तिच्या कागदावर आधी काही काढलेलं नसायचं.

त्या मुलीला हे सांगायला हवं होतं. हात, डोळा, हिशेब सगळं कमीअधिक चालतं, बाई. समोर जे दिसतंय ते आपल्या मनाविरुद्ध असलं तरी तसंच ठेवता आलं पाहिजे. ते कच्चं असेल तर बाकीचे गुण असून नुकसानच. चांगल्या हाताचा माणूस खोटं नीटनेटकं करतो.

लाडक्यापुढे मी गप्प राहिलो. तेव्हा बोललो असतो तर रूपीचा हात परत आला असता. मी स्वतःला समजावलं की बाबांचं नाव जाईल, कुरणावर पुन्हा वाद पेटेल. आज तपासून पाहतो तेव्हा यातलं काही खरं नव्हतं. मला फक्त लाज वाटत होती, आणि लाज सहन करायची सवय आमच्या घरात कोणाला नव्हती.

रूपीची माझी शेवटची भेट सात-आठ वर्षांपूर्वीची. मुंबई सोडून मी डहाणूत ऑफिस थाटलं होतं. तलासरीजवळ एका शाळेच्या खोल्यांचं काम होतं, येताना गाडी पाड्यावर वळवली. एका घराची तयारी चालली होती. एक तरुण बाई शेण सारवत होती, माणसं तिच्याभोवती. रूपी लांब, गवताच्या पेंढ्या बांधत बसली होती. लाडक्या वर्षापूर्वी वारला होता. मला तिने आवाजावरून ओळखलं, डोळे अधू झाले होते.

"धाकले शेट? मोठी घरं बांधतंस म्हणं आता."

"बांधतो."

"जमिनीला विचारतंस?"

"खड्डे घेतो. माती पाहतो."

"तू बघतंस?"

"माणसं बघतात. मला येऊन सांगतात."

ती हसली. दात राहिले नव्हते. "आणि सांगतील ते तू ऐकतंस?"

मी म्हटलं, "ऐकतो." तिने पेंढीला गाठ मारली, दुसरी घेतली. तिला सगळं ठाऊक होतं असं मला त्या क्षणी वाटलं. कदाचित त्या सकाळपासूनच ठाऊक असेल. शेटच्या मुलाने दाणे हलवले, असं त्या काळी म्हणून कोणी ऐकलं असतं? तिने हात गमावला आणि तोंड मिटलं. माझ्या तोंडाला तसं काही कुलूप नव्हतं. मी घड्याळ पाहिलं, म्हटलं, "येतो मग." ती म्हणाली, "ये. दिवस हाय तवर जा."

दोन वर्षांपूर्वी ती गेल्याचं एका गाडीवानाकडून कळलं. गवताची गाडी ऑफिससमोर थांबली होती, त्याला पाणी हवं होतं. जिव्या पाड्यातच असतो, त्याची मुलगी आता मोठी झाली, हेही त्यानेच सांगितलं. बोलता बोलता म्हणाला, "म्हातारी चांगली होती, पण हाताला यश नव्हता." रूपीच्या आयुष्याचा एवढाच निकाल त्या मुलखात शिल्लक राहिलाय, आणि तो मी लिहिलेला आहे.

हा लेख मी लिहिला म्हणजे काही फिटलं असं मी मानत नाही. तो छापला जाईल, नरपडला वाचतील, मुंबईला वाचतील, कोणी पत्र पाठवून माझ्या प्रांजळपणाचं कौतुकही करेल. पाड्यात तो कोणी वाचणार नाही. जिव्याने त्या वर्षी उपाशी दिवस काढले, रूपीची सून, जिच्याकडे तिच्यानंतर दाणे यायचे होते, अजून बाकीच्या बायकांच्या मागे उभी राहते; त्यांच्यापर्यंत कागद पोचत नाही.

माझं देणं असं आहे: त्या पाड्यावर जायचं, जिव्या, त्याची बायको, रूपीबायची सून आणि सगळी माणसं समोर असताना सांगायचं, की तिचा हात खोटा नव्हता, दाणे मी हलवले. हे मी अजून केलेलं नाही.